दुसरं पाणी

मंगळवारी संध्याकाळी पाच वाजता डिंफ्ना मॅकटर्ननने वरच्या कुरणातल्या तिन्ही खड्ड्यांत दुसऱ्यांदा पाणी भरलं. नियमाप्रमाणे ते भरायचंच असतं. आयर्लंडमधल्या आमच्या लीट्रिम परगण्यात ते सहसा कुणी भरत नाही.

रानात घर बांधायचं, तर सेप्टिक टँकचं पाणी जमिनीत जिरेल हे आधी दाखवावं लागतं. आदल्या दिवशी सकाळी आणि संध्याकाळी खड्डे भरून माती भिजवायची. दुसऱ्या दिवशी तपासनीस येतो, पुन्हा पाणी ओततो आणि ते किती वेळात उतरतं ते मोजतो. भिजवण्याचं काम घरच्यांचं. आमची चिकणमाती अशी, की पाणी तिच्यावर हट्टी पाहुण्यासारखं बसून राहतं. म्हणून संध्याकाळची खेप घरोघरी विसरली जाते. तपासनीस विचारतो, घरचे हो म्हणतात, आणि कोरड्या मातीला तहान चांगली लागते.

डिंफ्नाच्या वेळी कुणी विसरलं नव्हतं. पाच वर्षांपूर्वी तिने स्वतःच्या घरासाठी हेच वरचं कुरण मागितलं होतं. तिचे वडील पॅकी म्हणाले, ते गवताचं आहे, आपल्याकडे कोरडं कुरण तेवढं एकच. त्यांनी तिला खालचं लव्हाळ्याचं शेत दिलं. तिथले खड्डे त्यांनी स्वतः भरले, दोन्ही वेळा. जागा नापास झाली. डिंफ्ना वडिलांच्याच घरात राहिली. त्यांच्या गोळ्या, गायी आणि शेगडीतली राख तिच्याकडेच राहिली.

या मार्चमध्ये तिचा धाकटा भाऊ एन्डा ऑस्ट्रेलियातून आयर्लंडला परतला, बायको किराला घेऊन. पॅकींनी त्याला वरचं कुरण दिलं. जेवणाच्या टेबलावर, उकडलेला बटाटा सोलता सोलता.

"आणि गवताचं काय?" डिंफ्नाने विचारलं.

"गवत विकत मिळतं."

"माझ्या वेळी दुकान बंद होतं वाटतं."

एन्डा हसला. "डिंफी, तुझ्या जिभेने खड्डे खणले असते तर भाड्याचं मशीन लागलं नसतं."

मंगळवारी एन्डा आणि किरा स्वयंपाकघराची कपाटं बघायला स्लायगो शहरात गेले. जाताना एन्डाने बहिणीला खड्डे भरायला सांगितलं आणि डोळा मारला.

दुपारी पॅकी फाटकाशी उभे होते. "सकाळचं भरलंस ना?"

"भरलं."

"मग झालं. संध्याकाळचं राहू दे. टेकडी चढून कशाला दमतेस?"

"माझ्या वेळी तुम्ही चढलात की, डॅडी."

"तेव्हा माझे गुडघे बरे होते."

तिने ट्रॅक्टरला पाण्याची टाकी जोडली आणि वर गेली. किराने घराच्या आखणीसाठी काठ्या रोवल्या होत्या, टोकांना निळी चिकटपट्टी. खिडकी तळ्याकडे होती. डिंफ्नाने स्वतःच्या वेळी खिडकी तिथेच धरली होती. तिने एकही काठी हलवली नाही. फक्त खड्डे भरले, आणि पाणी थोडं खाली गेल्यावर पुन्हा काठापर्यंत आणून ठेवलं.

बुधवारी सकाळी तपासनीस मॅलकी गॅलॉग्ली आला. त्याने मोजपट्ट्या उभ्या केल्या आणि नेहमीचा प्रश्न विचारला. "काल दोन्ही वेळा भरलंत ना?"

"दोन्ही वेळा," पॅकी लगेच म्हणाले. आपण खोटं बोलतोय अशा समजुतीने ते खरं बोलले.

"काठोकाठ," डिंफ्ना म्हणाली.

पॅकींनी वळून तिच्याकडे पाहिलं. एन्डा तिच्याजवळ सरकला. "म्हणजे खरंच भरलंस?"

"तूच सांगितलंस ना?"

"सांगतात सगळेच, डिंफी."

"चालू द्या तुमचं," मॅलकी पट्टीवरून नजर न काढता म्हणाला. "वाऱ्यात मला काही ऐकू येत नाही."

तिसऱ्या खड्ड्यात पाणी उतरत होतं. पहिल्यात फार हळू. दुसऱ्यात ते उतरतंय हे पट्टी बघूनच कळायचं. किरा त्यावर वाकून म्हणाली, "हे चांगलं आहे की वाईट?"

पॅकी मुलीला कुंपणाशी घेऊन गेले. "घर झालं नाही तर तो परत जाईल, पोरी. मग काही तो पुन्हा येत नाही."

"आणि मी कुठे जाणार नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं."

"होतं," पॅकी म्हणाले. "त्यात काय चुकलं?"

"काही नाही. म्हणून तर माझे खड्डे तुम्ही नीट भरलेत."

पॅकी काठी टेकत घराकडे निघाले. रोज उतारावर ती त्यांचा हात धरते. त्या दिवशी त्यांनी तो दिला नाही, तिने मागितला नाही.

दुपारी मॅलकीने सामान आवरलं. तिन्ही खड्ड्यांची सरासरी धरतात; ती मर्यादेत बसते की नाही हे कार्यालयात बसून पाहतो, एवढंच तो म्हणाला. एन्डाने विचारलं, पुन्हा चाचणी घेता येते का. "येते," मॅलकी म्हणाला, "पण आजचे आकडे पुसता येत नाहीत."

शनिवारपर्यंत मॅलकीचा फोन आलेला नव्हता. एन्डाने पर्थमधलं भाड्याचं घर अजून सोडलेलं नाही, असं किराकडून पोस्टातल्या बाईंना कळलं.