ताईचं पपनस

कारखान्यातून घरी जाणाऱ्या बायकांच्या पिशव्या गेटवर तपासायच्या, हे माझं काम. डबा उघड म्हटल्यावर जी आधी हसते, तिचा डबा मी दोनदा बघते. म्हणून भावजय माझ्याकडे बघून उगाच हसायला लागली तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली.

माझी एक किडनी धाकट्या भावाच्या पोटात आहे. दिली, त्याचा गवगवा करत नाही, पण लक्ष असतं माझं तिच्यावर. शरीराने तिला परकी समजून नाकारू नये म्हणून त्याला सकाळ-संध्याकाळ गोळी घ्यावी लागते. रक्तात गोळी कमी पडली तर किडनी जाते, फार वाढली तरी तिचं नुकसान होतं. या वेळच्या तपासणीत रक्तातली गोळी भलतीच वाढलेली निघाली. धाकट्याचा हात असा थरथरत होता की चहा बशीत सांडत होता.

"गोळी चुकून दोनदा घेतली जाते का? खाण्यापिण्यात काही बदल?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. धाकटा दोन्हीला नाही म्हणाला. भावजय खाली मान घालून बसली. आता गोळ्या काढून देतं कोण? तीच ना? गॅसवर दूध ठेवून शेजारणीशी गप्पा छाटणारी बाई ती. माझ्या किडनीची वाट लावणार ही, असं मी मनाशी पक्कं केलं.

रजा टाकली आणि त्यांच्याकडे मुक्काम ठोकला. जाताना पिशवीभर पपनसं नेली. माझ्या परसातल्या झाडाची. धाकट्याचा लहानपणापासून जीव आहे पपनसावर. यंदा झाड लगडलंय, त्यामुळे दर रविवारी मी नेतच होते. समोर बसून सोलायचं, पांढरी साल काढायची आणि पहिली फोड त्याच्या तोंडाशी धरायची. असं केल्याशिवाय मला चैनच पडत नाही.

भावजयीवर मी डोळ्यात तेल घालून नजर ठेवली. ती गोळी त्याच्या तळहातावर ठेवायची, पाणी द्यायची आणि दारात उभ्या माझ्याकडे बघून हसायची. गोळ्यांची पाकिटं पाहिली, सगळं चोख. तरी माझं समाधान होईना. मग ती कपडे वाळत घालायला गेली तेव्हा मी कचऱ्याची बादली उपसली.

तळाशी वर्तमानपत्राची पुरचुंडी होती. आत पपनसाच्या फोडी, मी माझ्या हाताने सोललेल्या. तळपायाची आग मस्तकात गेली माझी.

"मी आणलेलं त्याच्या तोंडी लागू द्यायचं नाही, असं का गं?" पुरचुंडी तिच्यासमोर धरून मी विचारलं.

 तिने धाकट्याकडे बघितलं.

"तिला बोलू नकोस, ताई," तो म्हणाला. "मला पपनस चालत नाही. ते खाल्लं की शरीरात ही गोळी नीट मोडत नाही, रक्तात वाढत जाते. ऑपरेशननंतर घरी सोडताना नर्सने बजावलं होतं."

"मग खातोस कशाला? डॉक्टरीणबाईंसमोर खोटं का बोललास?"

"तू शेजारीच बसली होतीस ना."

"अरे, मग मला नको म्हणायचंस."

"तुला?"

एवढंच म्हणाला.  मी पुरचुंडी खाली ठेवली.

"ताई, मी म्हणत होते तुम्हाला सांगते," भावजय हळूच म्हणाली. "ह्यांनी शपथ घातली. म्हणाले, तिने एवढं दिलं, तिचं एक फळ आपण परत करायचं का? मग उरलेलं तरी मी टाकून द्यायची."

म्हणजे त्याने माझ्या धाकाने माझीच किडनी पणाला लावली होती. आणि ही बाई माझ्या नजरा झेलत गप्प राहिली. मला रडू आलं, आणि रागही आला, माझाच. पदराने तोंड पुसलं आणि डॉक्टरीणबाईंना मीच फोन लावला. काय सुनावलं त्यांनी मला. सगळं ऐकून घेतलं.

पुढची तपासणी बरी आली. त्या रविवारी मी गेले तेव्हा भावजयीने दार उघडलं. मी उंबऱ्याबाहेरच थांबले आणि पिशवीचं तोंड तिच्यापुढे उघडं धरलं.

"तपास," म्हटलं.

तिने तळापर्यंत हात घालून नीट तपासली, आणि मग मला आत घेतलं.