इथला प्रमुख कोण?

शाळेपासून मी मॉनिटर. घरी भाऊ मला 'हेडबाई' म्हणतो. त्यामुळे विद्यापीठात मॅडमनी 'सगळ्यांचं नेतृत्व' हा विषय घेतला तेव्हा वाटलं, हा तर आपल्या हातचा मळ! पण मॅडम म्हणाल्या, "वर्गात नाही शिकायचं. चला वस्तीत. आणि तिथे कोणी कुणाचा पुढारी नाही."

वस्तीमागच्या पडीक जागेत मुलांसाठी मैदान करायचं होतं. तिथल्या माणसांबरोबर आम्ही खड्डे बुजवले, झोका टांगला, फाटक बसवलं. आज नगरपालिकेचे साहेब बघायला येणार होते. पटलं तर मैदान, नाहीतर तिथे ट्रक उभे राहणार.

साहेबांनी झोक्याला हिसका देऊन बघितला. खूश झाले. मग विचारलं, "इथला प्रमुख कोण?"

"कोणीच नाही!" आम्ही सगळे एका सुरात ओरडलो. केवढा अभिमान वाटला सांगू!

साहेबांचा चेहरा पडला. "मग उद्या झोका तुटून पोर पडलं तर मी धरायचं कुणाला? कोणीच नाही, त्याला जागा कशी देऊ?" आणि ते फाटकाकडे चालू लागले.

झालं! हातातोंडाशी आलेला घास चालला. 'मी प्रमुख!' अगदी जिभेवर आलं होतं. पण परीक्षा झाली की मी जाणार माझ्या घरी. मैदान इथेच राहणार. मी शब्द गिळले आणि आतल्या आत चरफडले.

"अहो साहेब, थांबा!" कोपऱ्यावरच्या शिंपीणकाकू पुढे आल्या. "झोक्याचे दोर रोज मी ओढून बघीन. तुटला तर मला धरा."

"फाटकाला कुलूप मी लावणार," ड्रायव्हरमामा म्हणाले. "ते राहिलं तर मला."

आमच्या वर्गातला मौनीबाबासुद्धा बोलला, "झाडलोट आमच्या वर्गाची. आम्ही गेलो की पुढच्या वर्गाची." मॅडमनी जोरात मान हलवली. मग एकच गलका झाला. जो तो म्हणतोय, मला धरा, मला धरा!

साहेब हसायलाच लागले. "एक माणूस मागितला, तर अख्खी वस्ती अंगावर आली की! घ्या बाबांनो, मैदान तुमचं."

आम्ही उड्या मारल्या, काकूंना उचललंच. तेवढ्यात साहेब माझ्याकडे वळले. "तू गं? तू काहीच घेतलं नाहीस."

"घेतलं ना, साहेब," मी म्हणाले. "गप्प बसायचं काम माझ्याकडे होतं."

मॅडम माझ्याकडे बघतच राहिल्या. भावाला सांगितलं तर त्याचा विश्वास बसणार नाही.