जलालुद्दीन सीटवाल्याची पहिली रात्र

"पाह्य, तुही अम्मी कुठी चढून बसली ते!" असं म्हणत अब्बांनी फोन वर केला. आधी पंखा दिसला, मग लोखंडी शिडी, मग रेल्वेच्या बर्थसारख्या दुमजली पलंगावर मांडी घालून बसलेली अम्मी. तिचं डोकं छताला टेकायचंच बाकी होतं.

"खाली उतर खैरुन, पडशीन."

"काऊन उतरू? आतावरी तुमी माह्या डोक्यावर बसले. आता मी बसली तं चक्कर येऊन राह्यली का?"

पेनांग बेटावरच्या जॉर्जटाऊन शहरातल्या एका स्वस्त हॉस्टेलात ही त्यांची पहिली रात्र. तिकडे मलेशियात केव्हाच अंधार पडला होता. इकडे चंद्रपुरात आमच्या अंगणातल्या दोरीवर अजून ऊन होतं आणि मी फोन एका हातात धरून वाळलेले कपडे काढत होते.

माझे अब्बा जलालुद्दीन, मोहर्लीच्या रस्त्यावरचे सीटवाले. ताडोबात जाणाऱ्या जिप्सी गाड्यांच्या सीटा आणि छतं शिवण्यात त्यांचा जन्म गेला. त्यांनी शिवलेल्या सीटांवर बसून जगभरच्या लोकांनी वाघ पाहिले. एका हिवाळ्यात पांढऱ्या केसांचं एक परदेशी जोडपं सॅकचा तुटलेला पट्टा घेऊन दुकानात आलं. अब्बा पट्टा शिवत होते तोवर ते दोघं जमिनीवर बसून शेंगा खात राहिले. अब्बांनी गाईडकरवी विचारलं, पोरंबाळं कुठे आहेत? घरी आहेत, असं उत्तर मिळालं.

"पोरं घरी अन् मायबाप रस्त्यावर," रात्री जेवताना अब्बा म्हणाले. "सारं उलटंच." मग बरेच दिवस त्यांनी विषय काढला नाही. एकदा हात धुताधुता म्हणाले, "खैरुन, आपनबी उलटं करू."

दोन सॅक त्यांनी स्वतःच शिवल्या, जिप्सीच्या छताच्या कापडाच्या. मजबूत इतक्या, की अम्मीला रिकामी सॅकही उचलवेना. "हे घेऊन चालाचं, का याच्यात बसून जाचं?" ती म्हणाली.

निघाले त्या दिवशी गोंडपिपरीहून बडे अब्बा आले होते. अब्बांचे थोरले भाऊ, कापडाचे व्यापारी. आमच्या घरात त्यांच्या शब्दापुढे शब्द नसे. भरल्या घरात ते म्हणाले, "या उमरीत लोक हजले जाते. तू कुठी चालला? मस्ती कराले?"

पट्टा आवळत अब्बा म्हणाले, "बुलावा आला का तिकडंबी जाईन, भाईजान. ही दुनिया त्यानंच बनवली ना? जरा पाहू तं द्या."

कुणीतरी हसलं. अब्बांना हसलं की बडे अब्बांना, ते कळलं नाही.

"जेवलात का?" मी फोनवर विचारलं.

"म्या डब्बाभर चिवडा आनला, का हलाल भेटन का नाई," वरून अम्मी म्हणाली. "इथी तं गल्लीगल्लीत हलाल. हे दोन प्लेटा नूडल खाऊन बसले. अन् पुढचं विचार त्यांले."

पुढचं असं, की जेवून परतताना दोघं रस्ता चुकले. एक म्हातारा सायकलरिक्षावाला भेटला. त्याच्या रिक्षाचं छत फाटलेलं. अब्बांनी पत्ता विचारायचा सोडून सॅकमधून सुई-दोरा काढला आणि तिथेच दिव्याखाली छत शिवायला बसले.

"त्याची भाषा मले येत नाई, माही त्याले येत नाई," अब्बा म्हणाले. "पन टाका पाहून त्यानं अशी मान हलवली ना! मंग समुद्राच्या काठाकाठानं फिरवलं आमाले अन् इथी दारावर आनून सोडलं. उद्या पहाडावर जातो. झोप आता."

सकाळी फोन आला तेव्हा अम्मी खालच्या पलंगाच्या कडेला बसली होती.

"निशात, तुह्ये अब्बा उठले नाई. नमाजले उठवत होती मी."

डॉक्टर येऊन गेला होता. झोपेतच हृदय थांबलं.

दोन तासांत घर माणसांनी भरलं. बडे अब्बा आले, दाराजवळच्या खुर्चीत बसले आणि फोन मोठ्या आवाजावर ठेवायला लावला.

"मय्यत इथीच येईन," ते म्हणाले. "आमच्या अब्बाजानच्या कबरीच्या बाजूले जागा आहे."

"भाईजान," अम्मी फोनवरून म्हणाली. "पेटीत घालून, बर्फात ठेवून किती दिवस पडू देऊ त्यांले? आपल्यात मय्यतले थांबवत नाई. इथले मस्जिदवाले आले आहे. कालचा रिक्षावालाबी येऊन उभा आहे. कागदं झाले का दुपारच्या नमाजीनंतर दफन करतो म्हनते."

"माह्या भावाले परक्या मुलकात टाकून येशीन? लोक काय म्हनतीन?"

"लोक तं आधीबी म्हनत होते."

बडे अब्बा माझ्याकडे वळले. "लेक इथी आहे. ती म्हनन तसं होईन. बोल बेटा, बापाचं तोंड पाह्याचं का नाई तुले?"

माझ्या गप्प बसण्यावर त्यांचा भरवसा होता. आणि मला अब्बा घरी हवे होते. पण घरी आणले असते तर चौघांनी उचलून नेले असते, आणि मी, त्यांची लेक, कब्रस्तानच्या फाटकाशीही पोचले नसते. आमच्याकडे बायका घरीच थांबतात. मग बडे अब्बा दर वेळी त्या कबरीकडे बोट दाखवून सांगत राहिले असते, फिरायला गेला आणि पेटीत आला. अब्बांचा एक धडा झाला असता, पोरासोरांना देण्यापुरता.

"अब्बा तिथीच राहतीन," मी म्हणाले.

"काय?"

"अम्मी म्हनते तसंच होईन, बडे अब्बा. ते आपल्या पायानं गेले. त्यांले कोनी ओढून आननार नाई."

"पस्तावशीन."

"पस्ताईन. पन आननार नाई."

अंगणातल्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या.

तिकडे दुपार झाली तेव्हा अम्मीने फोन अब्बांच्या चेहऱ्यासमोर धरला. पांढरं कापड हनुवटीपर्यंत खाली केलेलं. दाढी विंचरलेली. दुपारी दुकानात मशीनला टेकून डुलकी घ्यायचे, तसेच दिसत होते.

"कलमा पढ," मागून बडे अब्बा म्हणाले. मी पढले.

अम्मीने फोन खाली घेतला नाही. "आनखीन काही बोलाचं आहे का, बेटा? लोक थांबले आहे."

बापाची त्याच्या तोंडावर तारीफ करायची आमच्या घरात रीत नव्हती. बडे अब्बांसमोर आवाज चढवायची तर नव्हतीच.

"अब्बा," मी म्हणाले, अंगणापर्यंत ऐकू जाईल असं. "तुमी गेले ते बरोबर केलं. मले तुमच्यावर नाज आहे. बडे अब्बांच्या समोर सांगून राह्यली."