फिटरचा फितूर केला
कारखान्यात तिला सगळे ग्रीसवाली म्हणत. रेल्वेच्या मालडब्यांच्या आसांना वंगण भरायचं तिचं काम. परकं सैन्य शहरात ठाण मांडून बसलं आणि त्यांचा दारूगोळा त्याच डब्यांतून जायला लागला, तेव्हा तिच्या नवऱ्याने, फिटरने, धार लावायच्या चाकाखालची पूड कागदात बांधून तिच्या हातात ठेवली.

"वंगणात मिसळ. चिमूटभर पुरे."

त्या चिमटीने आस तापून लाल व्हायचे आणि गाडी कुठेतरी माळावर अडून बसायची. वर्षभर कुणाला थांग लागला नाही. कटात माणसं चारच: ती, फिटर, वेल्डर आणि तिचा धाकटा दीर.

मग एका रविवारी दिराला उचललं आणि सोमवारी सोडलं. "ठार येड्याचं सोंग घेतलं मी," तो म्हणाला. मंगळवारी वेल्डरला नेलं, बुधवारी फिटरला. दोघांना कारखान्याच्या भिंतीशी उभं करून गोळ्या घातल्या. कुणी फितूर झालं होतं हे उघड होतं, पण दिराकडे बोट कोण दाखवणार? सख्ख्या भावाला कोणी देतं का?

लेक तेव्हा दोन वर्षांची होती. दिराने दोघींना आपल्या घरी आणलं. लेकीला शिकवलं, तिचं लग्न लावून दिलं. चाळीस वर्षं ग्रीसवाली त्याच्या घरात राहिली आणि रोज मनातून त्याला दुवा देत आली.

त्या कटावर सिनेमा काढायला सिनेमावाले आले तेव्हा दिराला हुरूपच चढला. तीन महिने बाहेरच्या खोलीत दार लोटून तो त्यांना सगळं सांगत बसायचा. ती चहा घेऊन गेली की बोलणं थांबायचं.

"त्यांना मलाही विचारू द्या की. वंगण तर मी भरत होते," ती एकदा म्हणाली.

"वहिनी, तुम्ही कशाला त्रास घेता? दादाला पडद्यावर बघा फक्त. डोळे भरून येतील तुमचे."

पहिला खेळ दुपारी तीनचा होता. दोघांना पुढच्या रांगेत बसवलं. पडद्यावर कारखाना दिसला, डबे दिसले. वंगणात पूड मिसळणारा हात मात्र दिराचं काम करणाऱ्या देखण्या नटाचा होता. ते तिने गिळलं. म्हातारपणी हातांसाठी कुठे भांडायचं!

मग फिटर पडद्यावर आला. सगळ्यांच्या आधी त्यालाच पकडलेलं दाखवलं होतं. तो अधिकाऱ्यासमोर गुडघ्यावर बसला, रडला आणि एकेक नाव सांगत गेला. शेवटी त्याच लोकांनी त्याला गोळी घातली, तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "बरं झालं मेला."

दिवे लागले. टाळ्यांचा कडकडाट झाला. दिराच्या हातात फुलं दिली गेली. ती खुर्चीचा हात धरून उठली.

"हे खोटं आहे," ती म्हणाली. आवाज फुटला नाही म्हणून पुन्हा म्हणाली, "खोटं आहे! फिटरला सगळ्यात शेवटी नेला. बुधवारी!"

टाळ्या थांबल्या. दिग्दर्शकाने दिराकडे पाहिलं. दिराने पुढे येऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि लोकांकडे बघून हसला, अगदी मायेने.

"वहिनींना हल्ली काही आठवत नाही. वय झालं. माफ करा."

लोक हळहळले. एका बाईने तिला पाणी दिलं.

दोघं घरी आली. दार लागल्यावर तिने विचारलं, "भाऊजी, नावं कोणी सांगितली?"

"झालं गेलं गंगेला मिळालं, वहिनी. गोष्टीत एक फितूर लागतोच, म्हणाले ते लोक. मेलेल्या माणसाचं काय बिघडतं?"

"मी गोष्टीचं विचारत नाही."

तो खुर्चीवर बसला. बूट काढायला वाकला आणि वाकलेलाच राहिला.

"त्यांनी पक्कड आणून टेबलावर ठेवली होती," तो म्हणाला. "नुसती ठेवली. हातसुद्धा लावला नव्हता मला. पण तुमचं नाव नाही दिलं मी. पोरीला आई तरी राहिली ना? एवढ्या वर्षांत तुम्हाला काय कमी पडू दिलं?"

गोळ्या घातलेल्या नवऱ्यासाठी तिने कधीच रडून घेतलं होतं. आज तो दुसऱ्यांदा मारला गेला, आणि मारणाऱ्याला ती इतकी वर्षं चहा देत आली होती.

तिने दोन लुगडी पिशवीत भरली आणि बाहेर पडली.

दोन गल्ल्या पलीकडे वेल्डरची बायको राहायची. दार तिच्या मुलाने उघडलं. तो सिनेमा पाहूनच आला होता.

"इथे येऊ नका," तो म्हणाला. "माझ्या बापाला तुमच्या नवऱ्याने मारला."

"कोण आहे रे?" आतून म्हातारीचा आवाज आला.

"कोणी नाही."

"वेल्डरबाई, मी आहे!" ग्रीसवाली ओरडली. "पडद्यावर म्हणतात फिटरला आधी पकडला!"

म्हातारी भिंत धरत धरत आली. तिने मुलाला बाजूला सारलं.

"याच्या बापाला मंगळवारी पहाटे नेलं, दार फोडून," ती म्हणाली. "त्याच संध्याकाळी फिटर आला आणि नव्या बिजागऱ्या ठोकून दार बसवून गेला. पकडलेला माणूस दारं बसवत हिंडतो होय रे, गाढवा?"

मुलाने ग्रीसवालीच्या हातातली पिशवी घेतली आणि आत नेऊन ठेवली.

दुसऱ्या दिवशी दोघी वर्तमानपत्राच्या कचेरीत गेल्या. तिथल्या संपादकाने सगळं नीट ऐकून घेतलं आणि आठवड्याने आतल्या पानावर सहा ओळी छापल्या. सिनेमा अकरा आठवडे चालला. दिराचे सत्कार झाले.

लेकीचा फोन आला. "आई, काका रडतात गं. सिनेमाच तो, एवढं काय मनावर घ्यायचं? घरी जा."

"तुझ्या बापाने कुणाचं नाव सांगितलं नाही," ती म्हणाली.

लेक म्हणाली, "काका म्हणाले होते, तू असंच म्हणशील."

ग्रीसवालीने फोन खाली ठेवला आणि वेल्डरबाईच्या खाटेशेजारी आपलं अंथरूण घातलं.