पोट आत, खूण खाली

हरिहर भोसेकरांचं पोट विजयाबाईंनी लग्न झाल्यापासून धड असं कधी पाहिलंच नव्हतं. पाहिली होती ती छाती. हवाई दलात परेड शिकवण्यात ज्या माणसाची उभी उमर गेली, त्याला कुणी नुसती हाक मारली तरी आधी पोट आत जायचं, मग ‘ओ’ बाहेर यायची. दूधवाला आला, पोट आत. बँकेतून फोन आला, फोनवरसुद्धा पोट आत. साताऱ्याला परत न जाता ते इथेच, लखनौच्या उत्तरेला बख्शी का तालाबला घर बांधून राहिले. पुढे गुडघे कुरकुरायला लागले, मूत्रपिंडांनी तर राजीनामाच दिला, पण पोट काही सेवानिवृत्त झालं नाही.

गोमती नगरच्या दवाखान्यातल्या डॉक्टर अंतरा वयाने त्यांच्या सुनेएवढ्या. त्यांनी सांगितलं, एक तर दिवसाआड इथे येऊन डायलिसिसच्या मशीनवर पडायचं, नाहीतर पोटात एक नळी बसवून घरच्या घरी पाणी भरायचं आणि काढायचं. हरिहररावांनी घर निवडलं. विजयाबाईंनीही. येताना मशीनच्या खोलीतली ओळीने झोपलेली माणसं त्यांनी पाहिली होती, आणि त्या ओळीत आपल्या माणसाला बघायची त्यांची तयारी नव्हती.

नळी कशी घालतात ते डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं. मऊशी नळी, एक टोक पोटाच्या तळाशी, मग थोडं अंतर कातडीच्या खालून नेऊन दुसरं टोक कडेने बाहेर.

“नेफ्यातून नाडी ओवतात तशी,” विजयाबाई म्हणाल्या.

“बस, वही,” डॉक्टर म्हणाल्या. मराठी न कळता.

खरी मेख होती ती नळी बाहेर येते त्या भोकाची. ते पट्ट्याखाली येता कामा नये. पोटाच्या घडीत तर मुळीच येता कामा नये, कारण घडीत घाम, घामात जंतू, जंतू आत शिरले की नळी काढा आणि चला मशीनवर. शिवाय ते रोज साफ करायचं, तेव्हा पेशंटला स्वतःच्या डोळ्यांनी दिसायला हवं. म्हणून ऑपरेशनच्या आधी पेशंटला उभं करून, बसवून, पेनने खूण करतात.

“खड़े हो जाइए, अंकल.”

हरिहरराव उभे राहिले. म्हणजे काय राहिले! भिंतीवरच्या तक्त्यातला सांगाडा त्यांच्यापुढे पोक काढल्यासारखा दिसायला लागला.

“अब बैठिए. पेट ढीला छोड़िए.”

“ढीला ही है.”

डॉक्टरांनी दोनदा दाबून बघितलं, भुवया उंचावल्या, आणि बेंबीच्या डावीकडे जरा खाली जांभळी फुली मारली. “वाह अंकल. इस उम्र में ऐसा पेट.”

हे एक वाक्य त्यांनी बोलायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हरिहरराव दाराकडे पाठ करून, पाटावर बसून पायाची नखं कापत होते. अंगात नुसती लुंगी. विजयाबाई चहा घेऊन आल्या, बाजूने वाकून बघतात तर फुली नाही.

“अहो, खूण पुसली की काय?”

आवाजासरशी पोट आत गेलं आणि घडीच्या खालून जांभळी फुली उगवली.

“ही काय इथे,” हरिहरराव म्हणाले.

विजयाबाई चहा ठेवून गेल्या आणि दाराआड थांबल्या. फुली मावळली. त्यांनी मुद्दाम खाकरलं. फुली उगवली. उद्या बेशुद्ध माणूस काय पोट आत धरणार? डॉक्टर फुलीवर भोक पाडणार, आणि हे शुद्धीवर आल्यावर भोक जाणार घडीत.

“डॉक्टरांना सांगायला हवं.”

“काय सांगशील? भोसेकर साहेबाला पोट आहे म्हणून?”

“हो.”

“खबरदार.”

“अहो, नळी पोटात बसवायची आहे. छातीत नाही.”

यावर हरिहररावांनी करंगळीचं नख विनाकारण दुसऱ्यांदा कापलं. पण दुपारी ते गाडीत बसले. इस्त्रीची पँट, बेंबीवर पट्टा.

विजयाबाईंनी डॉक्टरांना सगळं हरिहररावांच्या समोरच सांगितलं. डॉक्टरांनी पेन काढलं. “मुझे कल ही शक हुआ था. छोड़िए अंकल.”

“छोड़ दिया.”

“खाँसिए.” खोकले. पोट जागेवर. “लंबी साँस लीजिए, अब छोड़िए.” श्वास सुटला, पोट नाही. सिस्टरने गुदगुल्या होतील असं काहीतरी केलं आणि स्वतःच लाजली. दार उघडंच होतं. बाहेरच्या बाकावर रिज़वी साहब बसले होते, वर्षभरापूर्वी नळी बसवलेले जुने पेशंट. ते उठून आत आले, आणि मिठाईच्या डब्याचं झाकण उघडावं इतक्या अदबीने त्यांनी आपला कुर्ता वर केला.

“देखिए भाईसाहब, हमारा भी है. इसमें तकल्लुफ़ कैसा?”

हरिहररावांचं पोट आणखी इंचभर आत गेलं.

विजयाबाईंनी मग शेवटचा उपाय काढला. “विश्राम,” त्या म्हणाल्या. हरिहररावांचे पाय आपोआप फाकले. “आराम से.” खांदे सैल पडले, बोटं सुटली. पोट पहाऱ्यावरच. विजयाबाईंनी आठवून पाहिलं. इतक्या वर्षांत मैदानावरून ऐकलेल्या हुकमांत पोटासाठी एकही हुकूम नव्हता.

त्या जवळ गेल्या, हळू बोलल्या. “अहो, मला तुम्हाला त्या मशीनच्या ओळीत नाही बघायचं.”

हरिहरराव तितक्याच हळू म्हणाले, “अगं, सगळे बघतायत.”

“मग त्यांना सांगा, बघू नका.”

“कसं सांगू?”

“तुम्ही मला विचारताय?”

हरिहररावांनी क्षणभर विचार केला, छाती भरली, आणि त्या एवढ्याशा खोलीत आवाज दिला: “परेड! पीछे मुड़!”

सिस्टर वळली. रिज़वी साहब कुर्ता वर धरूनच वळले आणि भिंतीला आपटून तिला ‘माफ़ कीजिएगा’ म्हणाले. बाहेरचा सिक्युरिटीवाला वळला. कॉरिडॉरमध्ये फोनवर बोलणारा माणूस कारण न विचारता वळला. सगळ्यात शेवटी डॉक्टर वळल्या, आणि खांद्यावरून हात मागे करून म्हणाल्या, “आंटी, पेन लीजिए.”

विजयाबाईंनी पेन घेतलं. मग पोट आलं. आधी थरथरलं, मग लांबच्या प्रवासातून आलेल्या माणसाने सामान टेकवावं तसं हळूहळू खाली टेकलं. गोरं, मऊ, पट्ट्याचा वळ असलेलं. विजयाबाईंना वाटलं, इतकी वर्षं एका घरात राहिलो, याची ओळखच कुणी करून दिली नाही.

“फोल्ड से दो उँगली ऊपर,” भिंतीकडून डॉक्टर म्हणाल्या. “अंकल को खुद दिखना चाहिए.”

विजयाबाईंनी दोन बोटं ठेवली, त्यावर फुली काढली. “दिसतीय?”

“दिसतीय.”

“बसा बरं. आता?”

“आतासुद्धा.”

“अंकल,” डॉक्टर म्हणाल्या, “बिना देखे मैं चीरा नहीं लगा सकती. मुड़ूँ?”

पोट पुन्हा आत जायच्या तयारीला लागलेलं विजयाबाईंना दिसलं. त्यांनी त्यावर तळवा ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला.

“राहू दे,” त्या म्हणाल्या.

हरिहरराव म्हणाले, “सिर्फ़ डॉक्टर. पीछे मुड़.”

डॉक्टर वळल्या.

“दाहिने से मुड़ते हैं,” हरिहरराव कळवळून म्हणाले.

डॉक्टर परत भिंतीकडे गेल्या आणि उजवीकडून वळून आल्या. खाली बसल्या, बोट लावून बघितलं, विजयाबाईंची फुली जरा गिरवली. पोट होतं तिथेच होतं. बाकीची परेड अजून भिंतीकडे तोंड करून उभी होती. तिला सोडायचं कुणाच्याच लक्षात आलं नाही.

नळी बसली. जखम भरल्यावर पाणी भरणं सुरू झालं, आणि एका सकाळी हरिहररावांच्या हाताखाली शिकलेला एक जवान, आता स्वतःच मिशा पिकलेला, भेटायला आला. दारातूनच त्याने कडक सलाम ठोकला.

हरिहरराव ताडकन उठले. छाती गेली वर. पोटात मात्र नुकतंच भरलेलं दोन लिटर पाणी होतं. ते कुठे जाणार?

त्यांनी एकवार खाली पाहिलं. मग विजयाबाईंकडे.

“फार दिसतंय का गं?”

“दिसतंय,” विजयाबाई म्हणाल्या.

“बरं,” म्हणाले, आणि त्यांनी सलाम घेतला.