चमचेबाबा आणि एका पायाच्या काकू

नाचाच्या क्लासच्या हॉलला तीन भिंतींवर आरसे, त्यामुळे जमलेली शंभरेक माणसं पाचशे वाटत होती आणि चमचेबाबा जिकडे बघावं तिकडे दिसत होते. त्यांच्यापुढे मखमलीवर बारा चमचे मांडले होते. जुन्या चांदीचे, खरोखर देखणे. प्रत्येकाच्या दांड्याच्या टोकाला बोटाच्या पेराएवढा एक संत उभा: कुणाच्या हातात किल्ली, कुणाच्या करवत, कुणाच्या काठी. कारागिरानं दाढीचे केससुद्धा कोरले होते. त्या बिचाऱ्याचा पुढच्या भानगडीत काही दोष नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

"किल्लीवाले हृदयाचे!" बाबा गरजले. "करवतवाले हाडांचे! काठीवाले साखरेचे! या चमच्यांनी सात राजांना मरणाच्या दारातून परत आणलंय!"

"आणि आठव्याचं काय झालं?" माझ्या आत्यानं मागून विचारलं. आत्या विज्ञान शिकवून निवृत्त झाली, पण आवाज अजून वर्गातलाच आहे. लोकांनी तिला "शूऽऽ" केलं.

प्रकार असा. रोग्यानं रात्रभर उशाशी ठेवलेलं पाणी पेल्यातून आणायचं. बाबा त्यात निळ्या बाटलीतले चार थेंब 'संजीवनी' टाकत, चमच्यानं ढवळत, आणि बघता बघता पांढरा चमचा काळाकुट्ट होई. "संतांनी रोग ओढून घेतला!" मग तोच चमचा पातेल्यातल्या कढत पाण्यात बुडवायचा. जरा वेळानं लख्ख पांढरा वर यायचा. "संतांनी रोग पचवला!" टाळ्यांचा कडकडाट. एका आजोबांनी आनंदाच्या भरात कुबडी भिरकावली आणि मग ती शोधायला दोघांना धाडावं लागलं.

हसू मलाही येत होतं, पण मी हसलो नाही. कारण पहिल्या रांगेत माझी ताई बसली होती.

ताई शिवणकाम करते. दिवसभर सुईवर तिचं घर चालतं, पण स्वतःच्या पोटात रोज इन्सुलिनची सुई टोचायची म्हटलं की तिला जीव नकोसा होतो. काठीवाल्या संतांनी तिची साखर 'पचवली' आणि बाबांनी बजावलं, "आता सुई घ्याल तर तो संतांवर अविश्वास!" ताईनं सुई बंद केली. तेव्हापासून ती जगच्या जग पाणी पीत होती, तरी तहान भागत नव्हती. काल संध्याकाळी तिला सुईत दोरा ओवता येईना. मी चष्म्याच्या दुकानात काम करतो, माणसाला धूसर दिसायला लागलं की मला कळतं.

"नंबर वाढला असेल," ताई म्हणाली.

"नंबर असा चार दिवसांत नाही वाढत. साखर वाढते. चल दवाखान्यात."

तिनं माझ्याशी अबोला धरला. मी घाबरून आत्याकडे पळालो.

"वाद घालून उपयोग नाही," आत्या म्हणाली. "एक पेला दे आणि ताईच्या दुकानाची किल्ली दे."

तर आता आत्या तो पेला घेऊन बाबांपुढे उभी होती.

"आमच्या काकूंचं पाणी आहे. रात्रभर त्यांच्याशेजारीच होतं."

"त्या का नाही आल्या?"

"चालता येत नाही हो. एकाच पायावर उभ्या असतात."

"अरेरे! जेवण?"

"कित्येक वर्षं अन्नाचा कण नाही."

गर्दी हळहळली. ताईनं मात्र मान वर केली.

"झोप?"

"उभ्यानंच."

"बोलतात का?"

"चकार शब्द नाही."

"डोकं दुखतं?"

आत्या क्षणभर घुटमळली. "डोक्याचा त्रास त्यांना कधीच नव्हता."

बाबांनी डोळे मिटले, थेंब टाकले, ढवळलं. चमचा काळा ठिक्कर! "यकृत! पार सडलंय! वर कुणाची तरी नजर लागलीय. पण आता काळजी नको. संतांनी सगळं ओढलंय. घरी जा, काकू चालत दार उघडतील!"

"घरी कशाला? आल्याच आहेत," आत्या म्हणाली.

मी दाराआडून काकूंना उचलून आणलं. कापडी धड, खाली एकच लाकडी पाय, डोकं नाही, अंगात अर्धवट शिवलेलं जाकीट आणि त्यात टाचण्याच टाचण्या. ताईच्या दुकानातला, कपडे बेतायचा पुतळा. दुकानात सगळे त्याला काकूच म्हणतात. आरशांतून डझनभर काकू आमच्याकडे बघत होत्या, म्हणजे डोकं असतं तर बघितलं असतं.

हॉलमध्ये टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती, आणि एक पडलीच. मग कुणीतरी फिस्सकन हसलं. ती ताई होती. मग सगळा हॉल फुटला.

"निर्जीवालाही रोग असतात!" बाबा ओरडले.

"असतील. मग यकृत दाखवा. मी शिवण उसवून देते," आत्यानं पर्समधून कात्री काढली.

तिनं निळी बाटली उचलली. बाबा झेपावले, पण कुबडीवाल्या आजोबांनी कुबडी आडवी घातली. आत्यानं नळाचं ताजं पाणी मागवलं, त्यात थेंब टाकले आणि घरून आणलेला चांदीचा साधा चमचा बुडवला. त्यावर ना संत, ना काठी. तरी काळा झाला.

"वास घ्या!"

"नासकं अंडं!" पहिली रांग एकदम ओरडली.

"गंधक! चांदीवर काळी झाक आणायला कारागीर हेच वापरतात. उकडलेल्या अंड्यात चांदीचा चमचा ठेवून बघा, तोही काळवंडतो. आणि हे पातेलं ॲल्युमिनियमचं, पाण्यात खायचा सोडा. चांदीवरचं गंधक ॲल्युमिनियम आपल्याकडे ओढून घेतं. आजोबा, बुडवा तुम्ही."

आजोबांनी चमचा बुडवला आणि पांढरा वर काढला. त्यांना स्वतःलाच टाळ्या पडल्या. तेवढ्यात बाबा दाराकडे सुसाट धावले, पण ते दार आरशातलं होतं. पोलीस येईपर्यंत त्यांच्या कपाळाला बर्फ लावायला माणूस शोधावा लागला.

ताई अजून हसत होती. हसता हसता रडायला लागली. "मला कळत होतं गं, आत्या. पण रोज टोचून घ्यायचा इतका कंटाळा आलाय..."

आत्याचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "कंटाळा येणारच, बाळा. डॉक्टरांशी भांड, माझ्यावर ओरड. पण सुई सोडू नकोस."

हॉलमधून आम्ही तडक दवाखाना गाठला. साखर बघून डॉक्टरीणबाईंनी आधी सलाईन लावलं आणि मग आम्हा सगळ्यांना झापलं. वेळेवर आलात, म्हणाल्या.

म्हणून सांगतो. चांदी गंधकानं काळी पडते, माणसाच्या दुखण्यानं नाही. कुणी तुमचं औषध बंद करायला सांगितलं, तर हात जोडायच्या आधी एवढंच विचारा: माझ्या पाण्यात, माझ्या चमच्यानं, तुमच्या बाटलीशिवाय करून दाखवता का?

घरी आल्यावर काही दिवसांनी ताईनं सुईत दोरा ओवला. पहिल्याच खेपेला गेला. मग तिनं दुसरी सुई घेतली, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "तिकडे बघ रे जरा."

मी काकूंकडे बघत उभा राहिलो.