सुभेदारांचे डोळे

तुझ्या पोरीचे डोळे कशानं गेले, असं कुणी विचारलं की बनुबाई म्हणायची, पहिल्यांदा देवीनं नेले आणि दुसऱ्यांदा मी. विचारणारा बाईचं डोकं फिरलंय असं धरून चालायचा आणि हातातला चहा संपवून उठायचा. डोकंबिकं काही फिरलेलं नव्हतं. ती सांगायची त्यातलं अक्षर खोटं नव्हतं, फक्त पुरतं ऐकून घ्यायला कुणाला सवड नव्हती.

मलकापूरच्या अलीकडं, नदीच्या अंगाला त्यांची वाडी. घरटी एक माणूस पलटणीत आणि उरलेले उसात. बनुबाईचा नवरा विहिरीच्या कामावर सुरुंगात गेला तेव्हा विजयमाला दोन वर्षांची होती. सहाव्या वर्षी तिला देवी आल्या. पोर वाचली, पण तोंडभर वण राहिले आणि दोन्ही बुबुळांवर पांढरी साय धरली. उजेड कुठून येतो तेवढं तिला कळायचं, बाकी काही नाही. पुढं ती सतरा वर्षांची झाली तेव्हा चावडीच्या भिंतीवर सरकारनं रंगवलं, की देवीचा रोगी दाखवा आणि हजार रुपये मिळवा. देवी देशातून कायमची घालवली म्हणे. बनुबाई पोरीला हाताला धरून त्या रंगवणाऱ्यापुढं उभी राहिली होती. त्यानं मान हलवली. जुना रोगी चालत नव्हता.

बनुबाई कामाला जायची ती सुभेदार हंबीररावांच्या घरी. भाकऱ्या, गुरांचं शेण, सारवण, सगळं तिच्याकडं. सुभेदार दुसऱ्या महायुद्धात इटलीपर्यंत जाऊन आलेला गडी. मिशा पांढऱ्या झाल्या तरी पहाटे उठून अंगणात ताठ चालायचे. त्यांच्या बायकोला, रंगूबाईला, सगळी वाडी काकी म्हणायची. एकुलता लेक नारायण पलटणीत, तिकडं आसामच्या पलीकडं. घरात वर्तमानपत्र यायचं ते सुभेदार मोठ्यानं वाचायचे, कारण विजयमाला उंबऱ्यात बसून ऐकायची. ती त्यांना आजा म्हणायची. ते तिला चित्रसुद्धा वाचून दाखवायचे, म्हणजे हा बघ पूल, ही बघ आगगाडी, हा फोटोतला माणूस उगाच हसतोय.

त्याच वर्तमानपत्रात सांगलीच्या डॉक्टरीणबाईंची बातमी आली. शकुंतला आगाशे त्यांचं नाव. विश्रामबागेतल्या दवाखान्यात त्या आंधळ्यांचे डोळे उघडत होत्या. सुभेदारांनी स्वतः विजयमालेला एस्टीनं नेलं. बाईंनी बॅटरी मारून पाहिलं आणि सांगितलं, आतला डोळा जिवंत आहे, पुढची काच तेवढी गढूळ झाली आहे. मेलेल्या माणसाची चांगली काच काढून हिला बसवता येईल. यादीत नाव घालते, पण डोळे देतंय कोण? लोक म्हणतात, पुढच्या जन्मी आंधळं जन्माला येऊ. यादी लांबतेय आणि माझी हत्यारं पडून आहेत.

मग एका रविवारी बाई आपली पत्र्याची पेटी घेऊन वाडीच्या शाळेतच आल्या. सगळी वाडी जमली. त्यांनी एक बाटली वर धरली. आत गुलाबी पाणी, जत्रेतल्या सरबतासारखं. हे पाणी दोन-तीन वर्षांखालीच परदेशात कुणी तरी शोधलं होतं. माणूस मेला तरी त्याच्या डोळ्याची काच या पाण्यात चार दिवस जिवंत राहते, असं बाई म्हणाल्या. पूर्वी एका दिवसात धावपळ करावी लागायची. मग दुर्बिणीचा फोटो दाखवला, तिच्यातून बघत बघत शिवण घालायची. आणि शेवटी काळ्या फडक्यावर धागा ठेवला. केसाचे उभे तीन भाग करा, त्यातला एक म्हणजे हा. बनुबाईनं डोळे फाडून पाहिलं, तिला फडकंच दिसत होतं. विजयमालेनं बोट फिरवलं आणि म्हणाली, हितं हाय की. शाळा हसली. बाईसुद्धा हसल्या.

ते हसू ओसरायच्या आत सुभेदार उठून उभे राहिले. छातीचं दुखणं त्यांना सहा महिने झाले होते आणि कराडच्या डॉक्टरनं हात टेकले होते. ते त्यांनी लपवलं नव्हतं.

"माझं दोन्ही डोळं घ्या," ते म्हणाले. "पण एक ह्या पोरीला बसवायचा, तसं लिवून द्या."

बाईंनी लिहून दिलं. छापील कागद काढला, सुभेदारांनी पलटणीतली लफ्फेदार सही केली. काकी घरी जाऊन दोन दिवस जेवल्या नाहीत. देवाच्या दारात काय आंधळं उभं राहणार का, असं त्यांनी विचारलं. सुभेदार म्हणाले, बघू नये तेसुद्धा मी बघून बसलोय, आता ह्या पोरीला चांगलं काय ते बघू दे. मग काकीच नमल्या. तो कागद ट्रंकेत गेला, सैन्यातल्या बिल्ल्यांच्या शेजारी.

बनुबाईची त्या दिवसांत मोठी चमत्कारिक गत झाली होती. पोरीला दिसणार म्हणून जीव सुपाएवढा व्हायचा आणि त्यासाठी कोण मरायला हवं ते आठवलं की स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटायचं. सुभेदार खोकले की ती हातातलं टाकून पाणी द्यायला धावायची. आपण वाट बघतोय असं त्यांना वाटू नये म्हणून त्यांच्यासाठी ती आणखीच राबायची. घरी विजयमाला वेगळंच काढायची. तिच्या आठवणीतली आई काळ्याभोर केसांची होती. "आय, तू पिकलीस का गं? मला दिसाय लागल्यावर मी तुला वळकायची न्हाई," असं म्हणून ती खुदखुदायची. बनुबाई खोबरेल चोपडून केस बसवायची, जसं काही तेलानं पिकलेलं काळं होतं.

चैत्रात सुभेदारांनी अंथरूण धरलं. नारायणला तार गेली. त्याची उलट तार आली की निघालो. ती तार सुभेदारांनी उशाखाली ठेवली. नंतर बोलणं गेलं, पण डोळे दाराकडं लागलेले. तिसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता दाराकडं बघता बघताच ते गेले. डोळे उघडेच राहिले.

ज्ञानू नावाचा पुतण्या सायकल घेऊन साखर कारखान्याकडं पळाला, तिथनं सांगलीला फोन लावायचा हे आधीच ठरलं होतं. बाईंनी बजावलं होतं, सहा तासांच्या आत माझा हात लागला पाहिजे. इकडं बायकांचा आकांत सुरू झाला. त्या आकांतातच काकींचा हात नवऱ्याच्या पापण्यांकडं गेला.

तो हात बनुबाईनं धरला.

आता त्या वाडीची रीत सांगितली पाहिजे, नाही तर तुम्हीही बनुबाईला वेडी म्हणाल. घरटी माणूस पलटणीत, म्हातारी माणसं लेकांची वाट बघत मरायची. लेक वाटेत असला आणि बापाचे डोळे उघडे राहिले, तर ते लेकाच्याच हातानं मिटायचे. दुसऱ्या कुणी मिटले तर जीव दारातच घुटमळतो म्हणत. ही रीत काही कुणी लिहून ठेवलेली नव्हती, पण तिला धक्का लावायची कुणाची छाती नव्हती. काकी दुःखात विसरल्या होत्या. बनुबाई विसरली नाही. आणि तिच्या मनात आणखी एक होतं. हे डोळे आपण घेणार. घेणाऱ्यानं निदान एवढं तरी करावं, की लेकाला बघितल्याशिवाय ते मिटू देऊ नयेत. सांगलीची जीप यायच्या आत नारायण पोचेल, असं ती धरून चालली होती.

"नगा मिटू काकी," ती म्हणाली. "नाराबा वाटंवर हाय. बघू द्या त्यास्नी."

काकींनी हात मागं घेतला. जमलेल्या म्हाताऱ्या बायकांनी माना डोलावल्या. बनूला रीत कळती, असं कुणी तरी म्हणालंसुद्धा.

ऊन चढलं. चैत्रातली माशी फार वाईट, ओल्या जागेवर पहिली बसते. बनुबाई ताडाचा पंखा घेऊन उशाशी बसली आणि त्या उघड्या डोळ्यांवर वारा घालायला लागली. नऊ वाजले, दहा वाजले, बारा वाजले. कुणी म्हणालं, दमलीस, दे माझ्याकडं. तिनं पंखा दिला नाही. हात भरून आला तर दुसऱ्या हातात घेतला. एक माशी म्हणून तिनं त्या डोळ्यांवर बसू दिली नाही. विजयमाला नेहमीसारखी उंबऱ्यात बसली होती आणि पंख्याचा आवाज ऐकत होती.

दीड वाजता जीप आली. साडेपाच तासांत. म्हणजे बाई वेळेतच आल्या, फोन वेळेत लागला, जीप वाटेत बंद पडली नाही, पेटीत बर्फ होता, बर्फात गुलाबी पाण्याची बाटली होती. ज्याचं त्यानं काम चोख केलं होतं. बाईंनी सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं, बनुबाई तेवढी पंखा घेऊन तिथंच राहिली. बाईंनी बॅटरी लावून एका डोळ्यात पाहिलं. मग दुसऱ्या. मग परत पहिल्या. बुबुळावरची चमक गेली होती. वर सुरकुतलेला कागद चिकटवल्यासारखं दिसत होतं.

"डोळे कुणी मिटले नाहीत?" बाईंनी विचारलं.

"मी मिटू दिलं न्हाईत," बनुबाई म्हणाली. तिला वाटलं आपण शाबासकीला पात्र झालो. "सकाळधरनं वारा घालतीया. माशी बसू दिली न्हाई बगा."

बाई खाली बसल्या. आधी त्या चिडल्या. कागदावर स्पष्ट लिहिलंय, त्या म्हणाल्या, पापण्या ताबडतोब मिटा, वर ओला कापूस ठेवा, पंखा बंद करा. ज्ञानूनं ट्रंकेतून कागद आणला. होतं लिहिलेलं, खालच्या बाजूला, बारीक अक्षरात, इंग्रजीत. सुभेदारांना इंग्रजी हुकूम समजायचे, पण ते आता हुकूम वाचायच्या पलीकडं गेले होते. बाकी वाडीत तो कागद कुणी उघडलाही नव्हता.

बाईंचा राग तिथंच उतरला. त्यांनी चष्मा काढला.

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "मी तुम्हाला पाणी दाखवलं, धागा दाखवला, दुर्बीण दाखवली. डोळे मिटा एवढं सांगितलं नाही. मला वाटलं, डोळे काय, सगळेच मिटतात."

"मग आता?" बनुबाईनं विचारलं.

"आता काही उपयोग नाही. वाळले."

बनुबाईनं पंख्याकडं बघितलं. मग एकदम पुढं होऊन तिनं सुभेदारांच्या पापण्या खाली ओढायचा प्रयत्न केला, जसं काही आता मिटल्यानं सकाळ परत येणार होती. पापण्या ताठरल्या होत्या. त्या मिटल्या नाहीत. बाईंनी तिचे हात धरून बाजूला केले. बाहेर उंबऱ्यात विजयमाला होती आणि भिंती काही जाड नव्हत्या. तिनं सगळं ऐकलं होतं. ती उठली, चाचपत पायरी उतरली आणि घरी गेली. तिच्यामागं जायची बनुबाईची हिंमत झाली नाही.

जीप गुलाबी पाण्याची भरली बाटली घेऊन परत सांगलीला गेली. जाताना बाई म्हणाल्या की यादीतलं नाव मी काढणार नाही. त्या खोटं बोलत नव्हत्या, पण यादी काय आहे हे त्यांनाही माहीत होतं. सात समुद्रांपलीकडं कुणी रात्री जागवून पाणी शोधावं, कुणी काचा घासून दुर्बीण करावी, कुणी केसाहून बारीक धागा ओढावा, आणि ते सगळं या वाडीपर्यंत येऊन एका ताडाच्या पंख्यापुढं हरावं. कुणाला शिव्या द्यायच्या तेच कळत नाही.

नारायण त्या दिवशी आला नाही. उन्हाचे दिवस, संध्याकाळपर्यंत वाट बघितली आणि उघड्या डोळ्यांनीच सुभेदारांना नेलं. नारायण उगवला तिसऱ्या दिवशी, राख सावडायला. वाटेत कुठं तरी गाडी चुकली होती.

त्यानं रडून घेतलं. मग सगळ्यांनी त्याला सांगितलं, बनूनं कसे डोळे मिटू दिले नाहीत, कशी सकाळपासून पंखा घेऊन बसली, अन्नाला शिवली नाही. डॉक्टरीणबाईचं कुणी बोललं नाही. ते त्यांच्या लेखी संपलं होतं, डोळे काही लागू झाले नाहीत, एवढंच. नारायण उठला, पलटणीच्या कडक कपड्यातच वाकला आणि सगळ्यांदेखत त्यानं बनुबाईच्या पायावर डोकं ठेवलं.

"मावशी, तुमी माझ्या बापाची शेवटची इच्छा राखली," तो म्हणाला. "सख्ख्या लेकीनं केलं नसतं. लय उपकार झालं."

बनुबाईला पाय मागं घ्यायचं सुचलं नाही. काकींनी तिला लुगडं दिलं, ते काखेत मारून ती घरी आली.

विजयमाला चुलीपुढं होती. भाकरी ती हातानंच ओळखायची, कडा सुटल्या की उलटायची. तीन दिवसांत ती आईशी कामापुरतं बोलली होती. बनुबाईला वाटायचं, हिनं एकदा घडाघडा शिव्या द्याव्यात, भांडं फेकून मारावं, म्हणजे आपल्याला तिच्या पायावर पडता येईल.

"आला का नारायणदादा?" तिनं विचारलं.

"आला."

"काय म्हणला?"

बनुबाईनं काखेतलं लुगडं खाली ठेवलं. मग म्हणाली, "उपकार मानलं."

"कुणाचं?"

"माझं."

विजयमालेनं भाकरीच्या कडेला बोट लावून पाहिलं आणि भाकरी उलटली.

"मग झालं की," ती म्हणाली. "एकाला तरी उपेग झाला." आणि तिनं परातीतला पुढचा गोळा हातात घेतला.